उत्रेख्तकर

उत्रेख्तकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव इंग्रजी आहे, आणि तसे एकच गृहस्थ आहेत असंही नाही. ब्रिटिश संसदेत दर पिढीत या जातीचे पाच-सहा सभासद निघतात. वय पासष्टीच्या आसपास, पक्ष बहुधा हुजूर, मतदारसंघ सुरक्षित आणि समुद्रापासून लांब. त्या सगळ्यांचा मिळून मी एक माणूस केला आहे. आपल्याकडे माणूस ज्या गावचा, त्या गावाला ‘कर’ जोडला की काम भागतं. यांचा देह लंडनमध्ये असला तरी मुक्काम हॉलंडातल्या उत्रेख्त गावी असतो. तिथे १७१३ साली झालेल्या तहाचं दहावं कलम हा त्यांचा कायमचा पत्ता.

त्या कलमाने स्पेनच्या राजाने जिब्राल्टरचं शहर, किल्ला, बंदर आणि तटबंदी ब्रिटिश राजमुकुटाला कायमची दिली. दिली म्हणजे काय, अ‍ॅडमिरल रूकच्या आरमाराने ती १७०४ मध्येच घेतलेली होती. घेतलेल्या मालाची पावती नऊ वर्षांनी मिळाली इतकंच. भूमध्य समुद्राच्या तोंडावर उभा असलेला हा जेमतेम पावणेसात चौरस किलोमीटरचा खडक. उंची ४२६ मीटर. वर माकडं, खाली सुमारे ३४,००० माणसं. माकडं गेली की इंग्रज जाणार, अशी तिथली जुनी समजूत. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतही चर्चिलने माकडांची संख्या घटू देऊ नका असं फर्मावलं होतं. चर्चिलच्या कारकिर्दीतला हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय, असं उत्रेख्तकरांचं मत आहे. नॉर्मंडीचा क्रम त्यांच्या यादीत नंतर लागतो.

मी त्यांना पाहिलं ते संसदेच्या समितीच्या बैठकीत. लंडनमध्ये पावसाळी दुपार फुकटात आणि उबेत घालवायची असेल, तर समित्यांच्या उघड बैठकांसारखी सोय दुसरी नाही. सभासद घोड्याच्या नालेच्या आकाराच्या टेबलामागे बसतात, त्यांच्यासमोर साक्ष द्यायला आलेले मंत्री आणि अधिकारी, आणि त्यांच्या पाठीमागे आम्ही फुकटे. म्हणजे सभासदांचे चेहरे दिसतात आणि मंत्र्यांचे कान. परराष्ट्र खात्यातल्या मंत्र्याला चेहरा कोरा ठेवता येतो, पण कानांचं तसं नाही. उत्रेख्तकरांनी कागद चाळायला सुरुवात केली की मंत्र्यांचे कान लालसर होऊ लागतात, हे माझं स्वतंत्र निरीक्षण आहे.

कागद चाळणं हा त्यांच्या बाबतीत एक सोहळाच असतो. समोर चार बोटं जाडीचा गठ्ठा, त्यातून डोकावणाऱ्या पिवळ्या, निळ्या, गुलाबी चिठ्ठ्या. तीन चष्मे. एक तह वाचायचा, एक मंत्र्याकडे बघायचा आणि तिसरा कपाळावर चढवून हे दोन शोधायचा. गळ्यात टाय, टायवर जिब्राल्टरचा खडक, पोटावर येईतो थोडा कललेला. “चेअरमन साहेब, एकच छोटा प्रश्न,” असं म्हणून ते सुरू होतात. हे शब्द ऐकताच समितीचे सचिव घड्याळाकडे बघतात आणि शेजारचे दोन सभासद मोबाइल बाहेर काढतात.

ही समिती म्हणजे कॉमन्स सभागृहाची युरोपीय छाननी समिती. ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा ब्रसेल्सहून निघणारा कागद न कागद तपासायचा, हे तिचं काम. सर बिल कॅश हे तिचे अनेक वर्षांचे अध्यक्ष; युरोपविषयीचा संशय ही ज्यांची हयातभराची निष्ठा. २०२० च्या जानेवारीअखेर ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि कागदांचा ओघ आटला. ज्याच्याशी भांडायचं तोच घर सोडून गेल्यावर जी पोकळी येते, ती समितीच्या चेहऱ्यावर दिसू लागली. अशा वेळी जिब्राल्टर उपयोगी पडलं.

झालं होतं असं, की ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात जो व्यापार करार झाला त्यातून जिब्राल्टर वगळलं गेलं. ३१ डिसेंबर २०२० ला, वर्ष संपायला काही तास उरले असताना, लंडन आणि माद्रिद यांच्यात एक तात्पुरता आराखडा ठरला: खडक आणि स्पेन यांच्यातली हद्द माणसांना मोकळी ठेवायची, आणि पासपोर्ट तपासायचे ते विमानतळावर आणि बंदरात. या आराखड्याचा पक्का करार करण्यासाठी ऑक्टोबर २०२१ पासून वाटाघाटी सुरू झाल्या. घाई का, तर पलीकडच्या ला लिनेआ गावातून आणि आसपासच्या वस्त्यांमधून रोज सुमारे १५,००० माणसं कामाला खडकावर येतात. जिब्राल्टरमधल्या कामकऱ्यांतली ही निम्मी. स्वयंपाकी, परिचारिका, गवंडी, संगणकावर बसणारी पोरं. हद्दीवर शिक्का-शिक्का खेळ सुरू झाला तर जिब्राल्टरचा चहाही वेळेवर उकळणार नाही.

पण उत्रेख्तकरांचा प्रश्न चहाचा नव्हता.

“मंत्रिमहोदय, ब्रिटिश विमानतळावर स्पॅनिश पोलीस उभे राहणार का?”

“वाटाघाटी चालू आहेत. चालू वाटाघाटींवर भाष्य करणं योग्य होणार नाही.”

“म्हणजे उभे राहणार.”

“मी तसं म्हटलेलं नाही.”

“म्हणजे नाही राहणार?”

“मी तसंही म्हटलेलं नाही. सगळं ठरेपर्यंत काहीच ठरलेलं नसतं.”

“उत्तम. मग जे अजून ठरलेलं नाही, त्यातलं काय काय ठरलं आहे?”

मंत्री पाणी प्यायले. कान आता पूर्ण पिकले होते.

हसू येतं खरं, पण या प्रश्नोत्तरांमागची अडचण हास्यास्पद नाही. ब्रिटनमध्ये परदेशाशी करार करणं हा राजाच्या नावाने सरकारने वापरायचा अधिकार आहे. संसदेचं काम शेवटी येतं. २०१० च्या एका कायद्याप्रमाणे सही झालेला करार संसदेपुढे २१ बैठकीचे दिवस ठेवायचा. तेवढ्यात कॉमन्सने ठराव करून हरकत घेतली तर मंजुरी लांबते. पुन्हा घेतली तर पुन्हा लांबते. मात्र मजकुरातला स्वल्पविरामसुद्धा सभासदाला हलवता येत नाही. सही होण्याआधी विचारलं तर ‘अजून ठरलेलं नाही’, सही झाल्यावर विचारलं तर ‘आता ठरून गेलं’. या दोन उत्तरांमध्ये जी अरुंद फट उरते, तिच्यात खुर्ची टाकून बसणं म्हणजे संसदीय छाननी. इतर सभासदांना त्या फटीत अवघडल्यासारखं होतं. उत्रेख्तकर तिथे ऐसपैस बसतात.

मराठी वाचकाला हा माणूस परका वाटू नये. जन्मात नांगर न धरलेला, पुण्यात पेन्शन घेणारा आपला एखादा काका असतोच. गावाकडचा बांध चार बोटं सरकल्याचा निरोप आला, की सातबाऱ्याच्या झेरॉक्ससकट तो पहिल्या एसटीने हजर. जमीन कसतो धाकटा भाऊ. त्याला पाणी शेजाऱ्याच्या विहिरीचं, मजूर शेजाऱ्याच्या वस्तीवरचे, आणि सोयरीकही तिकडेच जुळलेली. काकाला त्याच्याशी कर्तव्य नाही. तो बांधावर उभा राहून शेजाऱ्याच्या आजोबांचा उद्धार करतो, चार वाजताच्या गाडीने परत जातो, आणि मग रात्री धाकटा भाऊ शेजाऱ्याकडे समजूत घालायला जातो.

उत्रेख्तकरांचा सातबारा म्हणजे दहावं कलम. ते त्यांना मुखोद्गत आहे आणि कुठल्याही निमित्ताने ते म्हणून दाखवतात. अडचण एवढीच, की हे कलम मोठं आहे आणि उत्रेख्तकर प्रामाणिक आहेत. शहर, किल्ला, बंदर, ‘कायमचं’, इथवर आवाज चढत जातो. पुढे मात्र त्याच कलमात लिहिलं आहे, की आसपासच्या मुलखाशी जमिनीवरून खुलं दळणवळण असणार नाही. म्हणजे ज्या रांगेबद्दल स्पेनला शिव्या द्यायच्या, तिला आधार आपल्याच पावतीत. त्याहून पुढे अट आहे, की ज्यूंना आणि मूरांना तिथे राहू द्यायचं नाही. ही अट पहिल्यापासून धाब्यावर बसली. ज्यू व्यापारी अठराव्या शतकातच तिथे स्थिरावले आणि जिब्राल्टरचे पहिले मुख्यमंत्री सर जोशुआ हसन ज्यूच होते. शेवटी आणखी एक कळ: ब्रिटनने कधी जिब्राल्टर देऊन किंवा विकून टाकायचं ठरवलं, तर पहिला हक्क स्पेनचा. त्या दिवशी उत्रेख्तकरांनी हे सगळं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवलं. स्पेनची बाजू इतक्या स्वच्छ इंग्रजीत मांडलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मंत्र्यांचे कान एकदम पांढरे झाले. त्यांना बरं वाटत असावं.

विमानतळाचा विषय तर जास्तच नाजूक. खडक आणि स्पेन यांना जोडणारी जी सपाट संयोगभूमी आहे तिच्यावर धावपट्टी आहे, आणि ती जमीन तहात कधी दिलीच नव्हती, असं स्पेन म्हणतं. १८१५ मध्ये जिब्राल्टरात पीतज्वराची साथ आली, तेव्हा स्पेनने माणुसकीखातर रोग्यांचे तंबू तिथे ठोकू दिले. साथ गेली, तंबू राहिले. १९०९ पर्यंत तिथे इंग्रजांचं लोखंडी कुंपण उभं राहिलं होतं. ब्रिटनचं म्हणणं, इतकी वर्षं वहिवाट आहे म्हणजे आमचीच. उत्रेख्तकरांना एका तोंडाने कागद आणि दुसऱ्या तोंडाने वहिवाट बोलावी लागते, पण त्याचा त्यांना त्रास होत नाही. चष्मे वेगळे आहेत.

एकदा बैठक संपल्यावर त्यांनी मला गाठलं. “तुम्ही नेहमी दिसता. परराष्ट्र खात्याने पाठवलं आहे का?” मी नाही म्हटलं, मुंबईचा आहे म्हटलं.

“मुंबई!” त्यांचा चेहरा उजळला. “१६६१. कलम अकरावं.”

आयुष्यात पुष्कळांनी मुंबईचं नाव ऐकून वडापाव, सिनेमा किंवा पाऊस यांपैकी काहीतरी काढलं आहे. कलम काढणारा हा पहिलाच. दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नात पोर्तुगालने मुंबई आंदण दिली, तो हा तह. मी म्हटलं, “तेव्हाही हाच घोळ झाला होता. तुमचे लोक म्हणाले, मुंबई म्हणजे साष्टीही आली. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणाला, फक्त बेट. १६६५ ला ताबा मिळाला तो बेटाचाच.”

“व्हाइसरॉय अप्रामाणिक होता,” ते तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या रागाने म्हणाले.

“आणि पुढे तीन वर्षांत राजाने ते बेट वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिलं. कुठल्या समितीने छाननी केली होती?”

ते गप्प झाले. मी पुढे रेटलं. त्याच आंदणात टँजिअर मिळालं होतं, जिब्राल्टरच्या जवळच, सामुद्रधुनीच्या पलीकडे. त्याच्यासाठी राजाने कॉमन्सकडे पैसे मागितले तेव्हा, राजाच्या कॅथलिक भावाला वारसाहक्कातून दूर केल्याशिवाय छदाम मिळणार नाही, असं सभागृह म्हणालं. १६८४ मध्ये इंग्रजांनी स्वतःच बांधलेला धक्का स्वतः उडवून दिला आणि ते टँजिअर सोडून घरी आले. संसदेने एखादा सागरापारचा प्रदेश फारच बारकाईने पाहिला की काय होतं, त्याचं हे उदाहरण. उत्रेख्तकरांनी ते वहीत टिपून घेतलं. शेरा मारला, “सरकारचा हलगर्जीपणा.”

पुढे मी सुट्टीत जिब्राल्टरला गेलो, तेव्हा कळलं की समित्यांमधून येणारे असे पाहुणे तिथे सर्वांच्या परिचयाचे आहेत. मेन स्ट्रीटवर लाल टपालपेट्या, फोनची लाल खोकी, तळलेल्या माशांचा वास आणि अर्धं वाक्य इंग्रजी, अर्धं स्पॅनिश बोलणारी माणसं. मधेच एका दुकानात हिंदी ऐकू आलं. सुएझ कालवा झाल्यानंतरच्या काळात आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांच्या पिढ्या इथे नांदतात. मी उत्रेख्तकरांचं वर्णन केलं. दुकानदार हसला. “टायवाले ना? आमच्याकडचाच टाय. मागे स्पेनमध्ये बनवल्याचं लेबल होतं, मी देण्याआधी कात्रीने काढलं. म्हातारा माणूस, कशाला त्रास द्यायचा?”

उत्रेख्तकरांचा दौरा कसा असतो हेही त्याने सांगितलं. ते येतात ते थेट जिब्राल्टरच्या विमानाने. मालागाला उतरून गाडीने येणं स्वस्त पडतं, पण पहिलं पाऊल ब्रिटिश भूमीवर पडलं पाहिजे. हद्दीवर जाऊन कुंपणाला हात लावतात. मग वर माकडं बघायला. तिथे एका माकडाने त्यांचा गठ्ठा पळवला आणि गुलाबी चिठ्ठ्या तेवढ्या खाल्ल्या. “निष्ठावान प्राणी,” असं उत्रेख्तकर म्हणाले म्हणे. संध्याकाळी सरकारी मेजवानीत भाषण: आम्ही तुम्हाला कधीही सोडणार नाही. टाळ्या होतात. मनापासून होतात.

“मनापासून?” मी विचारलं.

दुकानदार गंभीर झाला. त्याच्याकडे कामाला असलेल्या बाईंकडे त्याने बोट दाखवलं. त्या ला लिनेआच्या. जून १९६९ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने हद्द बंद केली, फोनच्या ताराही तोडल्या. त्यांची आई कुंपणाच्या या बाजूला अडकली, आजी त्या बाजूला. वारा बरोबर असेल त्या दिवशी माणसं जाळीपाशी उभी राहून ओरडून सांगायची: मुलगा झाला, आजोबा गेले. चालत जायला वाट मिळाली ती १९८२ च्या डिसेंबरात. गाड्या सुरू झाल्या १९८५ मध्ये. “ते ज्यांनी बघितलंय, त्यांना लंडनहून कोणीतरी आपल्यासाठी ओरडतंय याचं बरं वाटतं,” तो म्हणाला. “आणि ज्यांनी बघितलंय, त्यांनाच ती हद्द पुन्हा बंद व्हायला नको आहे. आता या दोन्हींचा मेळ तुम्हीच घाला.” मग थोडं थांबून, “तो लंडनला राहतो तेच बरं. रोज राहिला तर जड जाईल.”

हद्द पुन्हा अडली तर काय होईल, याची चुणूक २०१३ च्या उन्हाळ्यात मिळाली होती. जिब्राल्टरने मासे वाढावेत म्हणून समुद्रात काँक्रीटचे सत्तरेक ठोकळे टाकले, स्पॅनिश कोळी चिडले, आणि स्पेनने हद्दीवर गाड्यांची तपासणी इतकी निवांत सुरू केली की माणसं तासन्‌तास उन्हात उभी. रांगेतल्यांना पाणी हवं होतं. उत्रेख्तकरांनी त्यांच्यासाठी युद्धनौका मागितली. योगायोगाने ऑगस्टमध्ये ‘वेस्टमिन्स्टर’ नावाचीच फ्रिगेट बंदरात आली. हा आधीच ठरलेला सराव आहे, असं नौदलाने सांगितलं. उत्रेख्तकरांनी त्यावर आजतागायत विश्वास ठेवलेला नाही.

त्यांची थट्टा करताना एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. २००२ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी कॉमन्समध्ये उठून सांगितलं, की जिब्राल्टरचं सार्वभौमत्व स्पेनबरोबर वाटून घेण्याच्या तत्त्वावर दोन्ही देशांचं बरंचसं एकमत झालं आहे. जिब्राल्टरच्या लोकांना न विचारता झालेलं हे एकमत. त्या वेळी उत्रेख्तकर बाकावर उभे राहून ओरडले ते अगदी योग्य ओरडले. नोव्हेंबरात जिब्राल्टर सरकारने स्वतःच जनमत घेतलं: वाटणीच्या बाजूने १८७, विरुद्ध १७,९००. त्याआधी १९६७ मध्ये स्पेनमध्ये जायचं का, या प्रश्नावर ४४ विरुद्ध १२,१३८. हे चारही आकडे उत्रेख्तकर झोपेत सांगू शकतात. आयुष्यात एकदा पूर्णपणे बरोबर ठरलेल्या माणसाला त्यानंतर सुधारणं अवघड असतं. २००२ नंतर कुठलाही मंत्री कुठलाही कागद घेऊन आला, तरी त्यांना त्यात जॅक स्ट्रॉच दिसतात.

तिसरं मतदान मात्र त्यांच्या गठ्ठ्यात नाही. २०१६ मध्ये युरोपीय संघात राहायचं का, यावर जिब्राल्टरने जवळजवळ ९६ टक्के मतं ‘राहायचं’ म्हणून दिली. ‘बाहेर पडायचं’ म्हणणारे ८२३. उत्रेख्तकरांनी तेव्हा गावोगाव फिरून बाहेर पडण्याचा प्रचार केला होता. म्हणजे हद्दीवर जो पेच उभा राहिला, तो ज्या मतदानाने झाला त्यात ते एका बाजूला आणि त्यांचा लाडका खडक अख्खाच्या अख्खा दुसऱ्या बाजूला. मी हे एकदा हळूच काढलं. ते म्हणाले, “जिब्राल्टरच्या जनतेची इच्छा सर्वोच्च आहे. १९६७ आणि २००२.” आणि तिसरा चष्मा शोधू लागले.

२०२४ च्या वसंतात समितीने सरकारला जाहीर इशारा दिला: चाललेल्या वाटाघाटींनी ब्रिटिश सार्वभौमत्व उणावेल. जिब्राल्टरचे मुख्यमंत्री फाबियन पिकार्डो यांनी ते खोडून काढलं. वाटाघाटींच्या टेबलाशी आम्हीच बसलेले आहोत, आमचं सार्वभौमत्व आम्हाला कळतं, असा त्यांचा रोख. उत्रेख्तकर या उत्तराने दुखावले नाहीत. ज्याचं रक्षण करायचं त्याच्या मताला फार किंमत द्यायची नसते, हा राखणदारीचा जुना नियम आहे. जुलैत निवडणूक झाली, हुजूर पक्ष आपटला, उत्रेख्तकरांचा सुरक्षित मतदारसंघही गेला. नव्या संसदेने युरोपीय छाननी समिती पुन्हा नेमलीच नाही.

मला वाटलं, संपलं. पण संसदेच्या समित्या जनतेकडून लेखी निवेदनं मागवतात आणि उत्रेख्तकर आता जनता झाले होते. ११ जून २०२५ ला ब्रसेल्समध्ये राजकीय सहमती जाहीर झाली: कुंपण जाणार, हद्दीवरची तपासणी जाणार, विमानतळावर आधी जिब्राल्टरचा अधिकारी पासपोर्ट बघणार आणि मग स्पेनचा, सार्वभौमत्वाबाबत दोन्ही बाजूंची भूमिका होती तिथेच राहणार. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर पॅरिसच्या गाडीत बसण्याआधी फ्रेंच पोलीस पासपोर्ट बघतात, तसंच हे, असं मंत्री सांगू लागले. उत्रेख्तकर त्या स्टेशनवरून वर्षातून दोनदा पॅरिसला जातात. मी विचारलं, तेव्हा सार्वभौमत्व कुठे असतं? “ते वेगळं आहे,” ते म्हणाले, “तिथे फ्रेंच आहेत.”

त्यांची खरी हरकत मला त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा कळली. “उद्या एखादा ब्रिटिश नागरिक ब्रिटिश विमानातून ब्रिटिश भूमीवर उतरेल, आणि स्पॅनिश शिपाई त्याला परत पाठवेल!” ते थरथरत म्हणाले. मुद्दा खोटा नाही. युरोपातल्या शेंगेन मुलखात ब्रिटिश प्रवाशाला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि नव्या व्यवस्थेत जिब्राल्टरात शिरतानाही हीच मोजणी लागू होते. ज्याचे ९० भरले त्याला खडक बंद.

“पण इंग्लंडमधला कोण माणूस नव्वद दिवस स्पेनमध्ये घालवून वर जिब्राल्टरला जाईल?” मी विचारलं.

खोलीत शांतता पसरली. उत्रेख्तकरबाई बिस्किटांची बशी पुढे करत म्हणाल्या, “आमचा बंगला आहे ना तिकडे. आंदालुसियात, टेकडीवर. व्हरांड्यातून खडक समोर दिसतो. ह्यांनी निवडलाच त्यासाठी. स्पेनमधूनच तो चांगला दिसतो.” ब्रेक्झिटपूर्वी दोघं तिथे वर्षातले सहा महिने सलग काढत. आता स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं आहे. बाई रोज रात्री एक चौकोन खोडतात. उत्रेख्तकर दहाव्या कलमाचे अधिकारी असले तरी घरातली दिवसांची छाननी बाईंकडे असते.

उत्रेख्तकरांनी घसा साफ केला. यावर आपण उपाय काढला आहे, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. बंगल्यात ८९ दिवसच राहायचं. उरलेला एक दिवस जिब्राल्टरसाठी राखून ठेवायचा. त्या दिवशी विमानतळावर उतरायचं, स्पॅनिश शिपायासमोर पासपोर्ट धरायचा आणि दहावं कलम ऐकवून ताठ मानेने आत शिरायचं.

बाईंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. “तीस वर्षं ह्यांच्या सार्वभौमत्वाचा खर्च ते बिचारे रांगेत उभे राहून भागवत होते,” त्या म्हणाल्या. “आता पहिल्यांदा आमचा एक दिवस कापला जातोय. बघू या, किती दिवस टिकतं.”